स्टार्टरवरचा रुमाल

ऑफिसात पाऊल टाकलं की अभिमन पाटील आधी खुर्च्या फिरवायचा. सगळ्या खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे. मग पंखा, मग खिडकीवरच्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी, मग जेवणाचा डबा कपाटावर. पण आधी खुर्च्या. सुनंदा फिरके नोकरीला लागली त्या पहिल्या सकाळी दारातच थबकली होती. रिकामी खोली, बंद कम्प्युटर आणि पाठ करून बसलेल्या खुर्च्या. तिला वाटलं, या ऑफिसातलं कुणीतरी गेलंय आणि आपल्याला निरोप मिळालेला नाही.

तसं काही नव्हतं. चहा आला, चुडामण आला, आणि सगळे हातात ग्लास घेऊन गोल करून उभे राहिले. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. प्रत्येकानं एवढंच सांगायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत एकही खुर्ची सरळ करायची नाही. उभा माणूस कमी बोलतो, असं अभिमनचं म्हणणं होतं, आणि पाय दुखायला लागले की खरं बोलतो.

"शाळेत अंगठे धरायला लावायचे ते परवडलं," चुडामण म्हणाला. हे तो रोज म्हणायचा. "निदान गुरुजी तरी बसलेले असायचे."

"गुरुजी बसून राहिले म्हणून तर तू असा निघालास," अभिमन म्हणाला.

मग तो शेवटचा प्रश्न विचारायचा. तोही रोज एकच. "आज खाली कोण आहे?"

कुणाचा प्रोग्राम अडला असेल, कुणाला काही कळेनासं झालं असेल, त्यानं हात वर करायचा. ज्याचा हात वर, त्याच्याजवळ त्या दिवशी अभिमन स्वतः जाऊन बसायचा. जळगावातल्या त्या ऑफिसात सगळे 'खाली' हा शब्द वापरू लागले होते. "सुनंदा आज खाली आहे," असं चुडामण फोनवरसुद्धा सांगायचा. तो शब्द कुठून आला हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तो तापीच्या काठावरून आला होता, चोपडा तालुक्यातल्या अभिमनच्या गावातून.

गावाची उपसा सिंचन संस्था होती. नदीच्या पात्रात तिची जॅकवेल होती: सिमेंटची, गोल, खोल विहीर. नदीचं पाणी तिच्यात यायचं आणि मोटरी ते वर, केळीच्या बागांपर्यंत चढवायच्या. पाण्याबरोबर गाळ यायचा, शेवाळ यायचं, कधी एखादं मेलेलं जनावर. तळाशी पंपाच्या तोंडाला जाळी होती. ती तुंबली की मोटर बंद करायची आणि एका माणसानं लोखंडी शिडीनं खाली उतरायचं, बुडी मारून जाळी हातानं मोकळी करायची. अभिमन शाळेत होता तेव्हा चिंधा नावाचा माणूस असाच खाली होता. तेवढ्यात गेलेली लाइट आली आणि कुणीतरी मोटर सुरू केली.

त्या दिवशी पाटानं आलेलं पाणी गावानं बागेत घेतलं नाही. पाट फोडून ओढ्यात सोडून दिलं. केळी तहानलेल्या होत्या, तरी दिलं.

त्यानंतर एक रिवाज पडला. उतरणाऱ्यानं डोक्याचा रुमाल काढून मोटर सुरू करायच्या स्टार्टरच्या दांड्याला बांधायचा आणि मगच शिडीवर पाय ठेवायचा. रुमाल दिसतोय तोवर दांड्याला कुणी हात लावायचा नाही. मग लाइट येवो, बागा जळोत. आणि रुमाल सोडायचा तर ज्याचा त्यानंच सोडायचा, वर येऊन, ओल्या हातानं. कुणी हा नियम लिहिला नाही. कुणी मोडलाही नाही.

चिंधाच्या जागेवर अभिमनचा मोठा भाऊ वना लागला. वनाच्या त्याच नोकरीवर अभिमन शिकला. सुट्टीत घरी आला की तो भावाचा डबा घेऊन पंपावर जायचा, आणि डबा ठेवण्याआधी त्याची नजर दांड्याकडे जायची. एकदा त्यानं रुमालाला सहज बोट लावलं, तर नुकताच वर आलेला वना मागून ओरडला.

"हात नको लावू! हाऊ रुमाल म्हंजे मी. हाऊ आठे शे तोवर मी खाले शे. ध्यानमा ठेव."

अभिमननं ते ध्यानात ठेवलं. जॅकवेलमध्ये तो स्वतः मात्र कधी उतरला नाही. मायनं शपथ घातली होती. एका घरातला एक पुरे, असं ती म्हणायची.

बी.एस्सी. झाल्यावर त्यानं धुळ्याला कम्प्युटरचा कोर्स केला आणि तिथल्याच एका दूध संघात प्रोग्रामर म्हणून चिकटला. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. संघानं एक कम्प्युटर घेतला होता आणि त्याच्यासाठी गार हवेची एक काचेची खोली बांधली होती. अभिमन सगळा पावसाळा आणि सगळा हिवाळा त्या खोलीत एकटा बसला. दूध संकलनाचा अख्खा प्रोग्राम त्यानं एकट्यानं लिहिला. बाहेर कॅन आदळत, माणसं भांडत, आणि त्याला काचेतून फक्त हलणारी तोंडं दिसत.

प्रोग्राम सुरू झाला त्या सकाळी एकाच सभासदावर सगळं थांबलं. पडद्यावर दुधाचं माप टाकलं की पुढच्याच ओळीत फॅट मागितला जायचा, आणि तो टाकल्याशिवाय दुसरा माणूस घेता यायचा नाही. फॅट तपासून यायला वेळ लागतो. बाहेर कॅनची रांग रस्त्यापर्यंत गेली. ऊन चढलं. दूध नासायला लागलं तेव्हा एका म्हाताऱ्या गवळ्यानं आत येऊन वायर उपटली आणि अभिमनला अगदी शांतपणे विचारलं, "भाऊ, तू कधी दूध घाल्ये का?"

त्यानंतर त्या कम्प्युटरवर कापड पडलं. दसऱ्याला त्याला हार घालत.

अभिमनची नोकरी गेली नाही. पण तिथून तो निघाला तेव्हा दोन गोष्टी मनाशी ठरवून निघाला. जे काम डोळ्यांनी पाहिलं नाही त्याचा प्रोग्राम लिहायचा नाही. आणि काहीही अख्खं बांधून लोकांच्या डोक्यावर ठेवायचं नाही; थोडं करायचं, दाखवायचं, शिव्या खायच्या, मग पुढचं.

जळगावला शालिग्राम भारंबे यांचं दुकान होतं. ते रावेरकडचे, आधी शेतकऱ्यांना मोटरीचे स्टार्टर आणि पॅनल विकायचे. नव्वदीनंतर कम्प्युटरही विकू लागले आणि दुकानाच्या माडीवर प्रोग्रामर बसवले. अभिमन तिथं साधा प्रोग्रामर म्हणून लागला. त्याला पुढारीपण आलं ते एका फजितीतून. चुडामण एका डाळ मिलचं काम करत होता. रोज विचारलं की म्हणायचा, होतंय, होतंय. ठरलेल्या दिवशी मिलवाले आले आणि पडद्यावर काहीच चालेना. चुडामण पहिल्याच आठवड्यात अडला होता आणि लाजेनं बोलला नव्हता. शालिग्रामभाऊ खालून वर आले ते ओरडतच आले.

"भाऊ, चूक त्याची नाही," अभिमन म्हणाला. "तो खाली होता. मी न बघता मोटर सुरू केली."

शालिग्रामभाऊंना त्यातलं काही कळलं नाही. पण दुसऱ्या सकाळी खुर्च्या भिंतीकडे फिरल्या.

दर आठवडी बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांना बोलवायचं, हेही त्यानंच सुरू केलं. त्या दिवशी माणसं तशीही जळगावला येतात. पिशव्या दाराशी ठेवून ती कम्प्युटरसमोर बसायची, आठवड्यात झालेला तेवढाच तुकडा चालवून बघायची, चुका काढायची आणि भाजीला निघून जायची. पुढं जगात अशा कामाला इंग्रजी नाव मिळालं, त्यावर पुस्तकं निघाली. जळगावात तेव्हा त्याला अभिमनचं खूळ म्हणत. पण खुळानं कामं पुरी होत होती. माडीवर पाटी लागली: अभिमन पाटील, प्रोजेक्ट लीडर. वना एकदा जळगावला आला तेव्हा त्यानं पाटीवरून बोट फिरवलं.

"लीडर? इलेक्शनले उभा ऱ्हायना का काय रे?"

"नही भाऊ. हाई पोरं उभी ऱ्हातस, मी नुसता इचारस."

"मंग बराबर शे," वना म्हणाला. "लीडर लोके नुसतंच इचारतस."

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात शालिग्रामभाऊ एक मोठी ऑर्डर घेऊन आले. उपसा सिंचन संस्थेला सगळंच नवं हवं होतं. चारही मोटरींचे नवे पॅनल, संस्थेच्या ऑफिसात कम्प्युटर, आणि पाणीपाळीचा प्रोग्राम: लाइटच्या वेळा बघून कोणती मोटर कधी चालणार, कोणत्या बागेला पाणी जाणार, जाळी साफ करायला किती वेळ ठेवायचा, हे सगळं रोज सकाळी एका कागदावर छापून पंपावर जाणार. संस्था अभिमनच्याच गावची होती. भाऊंना वाटलं तो खूश होईल.

अभिमननं गावाचं नाव ऐकलं. मग त्यानं विचारलं, "नव्या पॅनलला दांडा आहे का?"

"दांडा?" भाऊ हसले. "कोणत्या जमान्यात आहेस? बटणं आहेत. हिरवं दाबलं की सुरू, लाल दाबलं की बंद. लहान पोर चालवेल."

तेच अभिमनला नको होतं.

होळीनंतर माडीवरचे सगळे पंपावर गेले. संस्थेचे चेअरमन जीवराम आबा खुर्ची टाकून बसले होते. वना होता. मोटरी चालू-बंद करणारा ऑपरेटर पुना होता. जुन्या काळ्या स्टार्टरचे चार दांडे भिंतीवर होते आणि त्यातल्या एकावर, कायम बांधून बांधून, गुळगुळीत खाच पडली होती. अभिमननं आबांना विचारलं, नव्या पॅनलवर वनानं रुमाल कुठं बांधायचा?

"बांधायचाच कशाला?" आबा म्हणाले. "आता सगळं कागदावर येणार ना? जाळीची वेळ इतके ते इतके. त्या वेळात पुना मोटर लावणार नाही. झालं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, उद्घाटन आहे, मोठी माणसं येतील, फोटो निघतील, आणि त्या पॅनलवर याचं मळकं फडकं लटकवायचं? सगळं गाव हसेल."

"बठ्ठा गाव हाससे आबा," वना म्हणाला, "पन बठ्ठा गाव खाले उतरत नही."

पुना हसला. आबा हसले नाहीत.

परतताना अभिमन गाडीतून वळून वळून पंपाकडे बघत होता. मागच्या सीटवरून सुनंदानं विचारलं, "सर, एवढं काय? कागदावर वेळ असणारच आहे."

"जाळी घड्याळ बघून मोकळी होत नाही, सुनंदा," तो म्हणाला. "कागदाला वाटतं माणूस वर आला. माणूस खालीच असतो."

जळगावला आल्यावर त्यानं शालिग्रामभाऊंना गाठलं. उन्हाळा लागला होता. माडीच्या पत्र्यातून झळ खाली उतरत होती आणि कपाटाच्या कुलपाला हात लावला तर चटका बसत होता.

"भाऊ, एकाच मोटरीवर चालवू. महिनाभर बघू. बाकीच्या तीन जुन्या स्टार्टरवर राहू देत."

"आखाजीचा मुहूर्त आहे, अभिमन. आखाजीला माणूस घर घेतो तर अख्खं घेतो. तू मला सांगतोस, आज उंबरठा घ्या, भिंती पुढच्या महिन्यात."

"उंबरठा नीट बसला तर भिंती बसतील."

"आणि आबांना काय सांगू? माझा लीडर घाबरतो?"

"सांगा. घाबरतो."

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांचे चार पॅनल गोदामात येऊन पडले होते, आणि आखाजीच्या पत्रिका छापायला गेल्या होत्या. "तुझा भाऊ आहे तिथं, म्हणून तुला असं वाटतं," ते हळू आवाजात म्हणाले. "जरा लांबून बघ."

लांबून बघायला अभिमन कधी शिकलाच नव्हता.

मग त्यानं त्याच्या पद्धतीनं केलं. जेवढं हातात होतं तेवढं. पॅनलला भोक पाडायला भाऊंनी साफ नकार दिला, तेव्हा त्यानं पॅनलशेजारच्या भिंतीत, हिरव्या बटणाच्या अगदी जवळ, एक लाकडी खुंटी ठोकून घेतली. आणि प्रोग्राममध्ये स्वतः बसून एक ओळ घातली. रोज छापल्या जाणाऱ्या कागदाच्या डोक्यावर, तारखेच्याही आधी, ती ठळक अक्षरांत उमटायची: खुंटी रिकामी असल्याशिवाय मोटर सुरू करू नये.

सकाळच्या गोलात त्यानं ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. चुडामण म्हणाला, "कम्प्युटरनं रुमाल छापला."

सुनंदा ग्लास धरून विचार करत उभी होती. "सर, दोघं खाली उतरले तर?"

"तळाशी एकाचीच जागा आहे."

"पण उतरले तर? रुमाल एकाचा, की दोघांचे दोन?"

अभिमन थांबला. त्याला प्रश्न आवडला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "चांगलं विचारलंस. माणसागणिक खुंटी करावी लागेल, आणि कागदावर नावं. आधी एकाचं नीट चालू दे. दोघांचं पुढं घेऊ." फळ्यावर पुढच्या कामांची रांग होती. त्याच्या तळाशी त्यानं खडूनं लिहिलं: दोन माणसं.

आखाजीला गावात निंबांना झोके बांधलेले होते. माहेरी आलेल्या मुलींची गाणी नदीपर्यंत ऐकू येत होती. पंपहाउसला आंब्याची तोरणं होती. वना सकाळीच जाळी साफ करून वर आला होता, पण खुंटीवरचा रुमाल त्यानं मुद्दाम काढला नव्हता. पाहुण्यांनी हिरव्या बटणाकडे बोट नेलं तसा पुना आडवा आला.

"साहेब, थोडं थांबा. अजून वना भाऊ खाली आहे."

"मी आठे शे ना!" वना गर्दीतून ओरडला. लोक हसले. त्यानं पुढं होऊन, पाहुण्यांसमोर, सावकाश रुमाल काढला आणि डोक्याला बांधला. मग बटण दाबलं गेलं. पाइप थरथरला, पाणी आलं, टाळ्या पडल्या. जीवराम आबांनी स्वतः अभिमनच्या पाठीवर थाप मारली. शालिग्रामभाऊ त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, "बघ. उगाच घाबरत होतास."

आणि खरंच सगळं सुरळीत चाललं. पाळीवरून होणारी भांडणं थांबली. कागद यायचा, त्याप्रमाणे पाणी जायचं. पहिले काही दिवस पुना बटण दाबण्याआधी जॅकवेलच्या तोंडाशी जाऊन खाली हाकही मारायचा. मग खुंटीकडे बघणं पुरेसं झालं. कागदावर तसंच छापलेलं होतं.

वैशाख संपत आला तशी तापी आटली. जॅकवेलमध्ये पाणी कमी आणि गाळ जास्त यायला लागला. जाळीसाठी कागदावर अर्धा तास होता; वनाला कधी दीड तास लागायचा. तेवढा वेळ मोटर थांबायची आणि पुढच्या सगळ्या पाळ्या कोलमडायच्या. लाइट दिवसातून थोडाच वेळ असायची. बागवाले पंपहाउसच्या दाराशी येऊन उभे राहायचे. ते नुसते खुंटीकडे बघत. एका बाजाराच्या दिवशी वना स्वतः जळगावला आला.

"तुना कागद खोटा शे, अभ्या."

"का रे भाऊ? इतला येळ का लागस?"

"खाले काय ऱ्हास ते वरतून कसं समजी?"

वना सहज बोलला होता. पण अभिमनला ते लागलं. दूध घालणाऱ्यांच्या रांगेत तो नंतर पहाटे उभा राहिला होता, डाळ मिलच्या भुशात बसला होता, जिनिंगच्या गरम शेडमध्ये दिवस काढले होते. आणि जिथून त्याचे सगळे नियम आले ती जागा त्यानं कधी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या सकाळी उभ्याउभ्या त्यानं सांगितलं, "मी उद्या जॅकवेलमध्ये उतरणार आहे. भावाबरोबर. जाळीला वेळ का लागतो ते बघतो, आणि दोन माणसांचं कामही या आठवड्यात उरकून टाकू. सुनंदा, तू चल."

"मायचं काय?" चुडामणनं विचारलं. त्याला शपथेचं माहीत होतं.

"मायला वर आल्यावर सांगू."

पुढचं गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे ते एकाच तऱ्हेनं सांगतात, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. लाइट दुपारपर्यंत येणार नाही असा सबस्टेशनचा निरोप होता. वनानं खुंटीला आपला रुमाल अडकवला. अभिमनकडे रुमाल नव्हता. तो पँट-शर्टातला माणूस. "मना शे ना, मंग बठ्ठं आलं त्यामा," वना म्हणाला. दोघं उतरले. सुनंदा जॅकवेलच्या तोंडाशी कठडा धरून उभी राहिली. खालून दोघा भावांचे आवाज येत होते, घुमून, मोठे होऊन. एकदा अभिमनचं हसूही आलं. जाळीचा एक बोल्ट गंजून बसला होता, तो फिरेना. मोठा पाना आणायला वना एकटा वर आला.

तो पंपहाउसमध्ये गेला. डोळ्यांत घाम आणि गाळ होता. वर आल्यावर त्याचा हात सगळ्यात आधी रुमालाकडे जायचा. इतकी वर्षं तसाच जात आला होता. त्यानं रुमाल काढला, तोंड पुसलं, खांद्यावर टाकला आणि मागच्या खोलीत पाना शोधायला गेला.

पुना नदीवर पाय धुऊन परत आला. तेवढ्यात पंपहाउसचा दिवा पेटला. लाइट आली होती, सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. दाराबाहेर बागवाले उभे होते. पुनानं कागद पाहिला. जाळीची वेळ उलटून गेलेली. मग त्यानं, रोजच्यासारखी, खुंटी पाहिली.

खुंटी रिकामी होती.

पुनावर कुणी आळ घेतला नाही. वनानं तर नाहीच. पुना त्यानंतर पंपावर गेला नाही, आणि वना डोक्याला काही बांधत नाही. वैशाखातल्या उन्हातसुद्धा उघड्या डोक्यानं फिरतो, कुणी टोपी पुढं केली तर हात मागे घेतो. संस्थेनं पॅनल ठेवले. आता तिथं मोठं कुलूप आहे, आणि उतरणारा किल्ली स्वतःच्या कमरेला बांधून नेतो. जेवढे उतरतील तेवढी कुलपं. ते काम सुनंदानंच पूर्ण केलं. चुडामण नोकरी सोडून धुळ्याला गेला. शालिग्रामभाऊ अधूनमधून माडीवर यायचे, दारात उभे राहायचे आणि तसेच खाली जायचे.

सुनंदानं प्रश्न विचारला होता. अभिमनचं उत्तरही चुकीचं नव्हतं: आधी एकाचं नीट होऊ दे. नेमकं कुठं बोट ठेवायचं, हे तिला अजून कळलेलं नाही. कठड्याशी उभं असताना तिला दोन रुमालांची आठवण झाली होती का, असं तिला कुणी विचारलं तर ती म्हणते, झाली होती. दोघं उतरले तेव्हाच झाली होती. पण खुंटीवर रुमाल होता, लाइट दुपारी येणार होती, आणि आपण सरांना मधेच काय थांबवायचं, असं तिला वाटलं.

त्या सकाळी ऊन अजून कोवळं होतं. नदीच्या पात्रात बगळे चालत होते. वना शिडीवर चार पावलं खाली जाऊन थांबला होता आणि वर बघून हसत होता: "ये ना रे लीडर." अभिमननं शर्ट काढून त्याची नीट घडी केली, घड्याळ बुटात ठेवलं, पँटचे पाय दुमडले. उघड्या अंगानं तो एकदम लहान दिसत होता. त्यानं शिडीचा दांडा एकदा हलवून पाहिला. मग काहीतरी आठवल्यासारखा वळला, डोळ्यांवरचा चष्मा काढून सुनंदाच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा धर जरा. डावी काडी ढिली झालीय, घडी घालू नकोस."